बाल ग्रंथपाल आणि मुलांच्या वाचनाचं काम

बाल ग्रंथपाल म्हणजे सार्वजनिक किंवा शाळेच्या लायब्ररीत तान्ह्या बाळापासून साधारण अठरा वर्षांपर्यंतच्या वाचकांसाठी पुस्तकं निवडणारी, ती त्यांच्या हातात पडतील असं बघणारी आणि त्यासाठी वर्षभर वेगवेगळे उपक्रम चालवणारी व्यक्ती. बाहेरून बघणाऱ्याला यात गोष्टी सांगणं आणि कागद कापून चिकटवणं एवढंच दिसतं, आणि या क्षेत्रातलेही बरेच जण ही पहिली पायरी समजतात, म्हणजे इथे दोन-तीन वर्षं काढायची आणि मग मोठ्यांच्या विभागात जायचं. हा समज साफ चुकीचा आहे. मूल भाषा कशी शिकतं, वाचायला कुठे अडतं, बारा वर्षांचा मुलगा अचानक पुस्तक का सोडून देतो, पालकांशी कसं बोलायचं आणि यंदा नवीन काय छापलं गेलं, हे सगळं एकाच माणसाला माहीत असावं लागतं.

लायब्ररीत मुलांना जागा मिळाली तीच मुळात उशिरा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या कित्येक सार्वजनिक लायब्रऱ्यांमध्ये बारा-चौदा वर्षांखालच्या मुलांना प्रवेशच नसायचा. ॲन कॅरोल मूर यांनी 1896 मध्ये ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटच्या लायब्ररीत मुलांची खोली सांभाळायला घेतली, मुलांच्या उंचीचं फर्निचर, हाताला येतील अशी उघडी कपाटं, गोष्टींची वेळ, आणि 1906 पासून न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचं मुलांचं सगळं काम त्यांच्याकडे आलं. त्याच लायब्ररीत 1921 मध्ये पुरा बेल्प्रे आल्या, पोर्तो रिकोच्या, आणि त्यांनी स्पॅनिशमधून गोष्टी सांगायला आणि कठपुतळ्यांचे खेळ करायला सुरुवात केली, कारण आजूबाजूला राहणाऱ्या स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांना ही लायब्ररी आपल्यासाठी नाहीच असं वाटायचं. मला हा या व्यवसायाच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो, खोली उघडून भागत नाही, घरात जी भाषा बोलली जाते ती तिथे ऐकू आली तरच मूल आत येतं. युरोपात येला लेपमन यांचं नाव घ्यावंच लागतं. नाझींमुळे देश सोडावा लागलेल्या या ज्यू पत्रकार बाई युद्ध संपल्यावर जर्मनीत परतल्या, 1946 मध्ये जगभरातून मुलांची पुस्तकं मागवून म्युनिकमध्ये प्रदर्शन भरवलं आणि 1949 मध्ये तिथेच आंतरराष्ट्रीय युवा ग्रंथालय उभं केलं. शहरं अजून पडझडीतच होती तेव्हा.

आता रोजचं काम. स्टोरीटाइम, म्हणजे मुलांना जमवून गोष्टी आणि बडबडगीतं ऐकवायची वेळ, साधारण वीस ते तीस मिनिटांचा असतो आणि तो वयानुसार वेगळा करतात: मांडीवरची बाळं, चालायला लागलेली मुलं, शाळेच्या उंबरठ्यावरची मुलं. तेच बडबडगीत प्रत्येक वेळी परत म्हटलं जातं तेव्हा पालकांना वाटतं की यांच्याकडे नवीन काही नाही, पण पुनरावृत्ती मुद्दाम असते, यमकं कानावर पडून पडूनच शब्द सुट्या आवाजांचे बनलेले असतात हे मुलाला कळायला लागतं आणि पुढे अक्षरांशी आवाज जोडताना तेच कामी येतं. चित्रांचं पुस्तक धडाधड वाचून संपवायचं नसतं. 1988 मध्ये मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात आईवडिलांना थोडं ट्रेनिंग दिलं होतं, की वाचताना मुलाला उघडे, म्हणजे नुसत्या हो-नाहीवर न संपणारे, प्रश्न विचारा, तो जे बोलेल त्यात एखादा शब्द जोडून परत म्हणा, आणि हळूहळू गोष्ट त्यालाच सांगू द्या. महिनाभरातच त्या मुलांच्या बोलण्यात फरक दिसला. म्हणून अनुभवी ग्रंथपालाचं अर्धं लक्ष मुलांकडे आणि अर्धं पालकांकडे असतं, कारण लायब्ररीत मूल आठवड्यातून अर्धा तास येतं, बाकी सगळा वेळ ते घरी असतं.

पण खरं कसब दिसतं ते योग्य मुलाला योग्य पुस्तक देण्यात. मुलगी येऊन म्हणते, काहीतरी छान द्या. आधी तिला शेवटचं आवडलेलं काय ते विचारायचं, ते पुस्तकच असलं पाहिजे असं नाही, गेम किंवा सिनेमाही चालतो, मग त्यात काय आवडलं ते, भीती, विनोद, प्राणी, भांडणं. मग तीन-चार पुस्तकं समोर ठेवायची आणि बाजूला व्हायचं. बाजूला होणं फार लोकांना जमत नाही. आई म्हणते हे तिच्यासाठी फार सोपं आहे, शिक्षक म्हणतात तिच्या लेव्हलचं द्या, आणि कॉमिक्स घेतलं की सगळ्यांचाच चेहरा पडतो. माझं मत सरळ आहे: निवड मुलाची. कॉमिक्स वाचणं हे वाचनच आहे, ऑडिओबुक ऐकणंसुद्धा, आणि डिस्लेक्सिया, म्हणजे छापलेले शब्द वाचायला जड जाणं, असलेल्या मुलासाठी तर गोष्टीपर्यंत पोचायचा तो हक्काचा रस्ता आहे. पुस्तकांच्या पाठीवर लेव्हलचे रंगीत स्टिकर लावू नयेत असं बऱ्याच ग्रंथपालांचं म्हणणं असतं, कारण कोण कुठल्या रंगाचं उचलतंय हे सगळ्या मित्रांना दिसतं आणि हळू वाचणारं मूल त्या कपाटाकडे फिरकतच नाही.

टीनएजर्सचं काम अजून वेगळं. त्यांना लहान मुलांच्या खोलीत बसायला लाज वाटते आणि मोठ्यांच्या विभागात गप्प करतात, त्यामुळे त्यांची स्वतंत्र जागा लागते आणि तिथे काय व्हावं हे ठरवायला त्यांचीच कमिटी असलेली बरी. सुट्टीतले वाचन उपक्रम सगळीकडेच चालतात, घरात पुस्तकं नसलेली मुलं लांब सुट्टीत मागे पडू नयेत म्हणून, पण पुस्तकांच्या संख्येवर बक्षिसं ठेवली की मुलं पातळ पुस्तकं शोधतात, मिनिटं मोजलेली बरी. 1999 मध्ये सॉल्ट लेक सिटीत ट्रेनिंग दिलेल्या कुत्र्यांना मुलांनी मोठ्याने वाचून दाखवायचा उपक्रम सुरू झाला, तो नंतर बऱ्याच देशांत पसरला. कुत्रा चुका काढत नाही, अडखळणाऱ्या मुलाला तेवढंच हवं असतं.

एखादं पुस्तक काढून टाका अशी तक्रारही येतेच. त्यासाठी लेखी धोरण आधीच तयार लागतं, नाहीतर जो जोरात ओरडतो त्याचं ऐकलं जातं. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या 1939 च्या हक्कपत्रात 1967 मध्ये वयाचा उल्लेख घातला गेला, म्हणजे वय कमी आहे म्हणून वाचकाचा हक्क कमी होत नाही. आपल्या मुलाने काय वाचावं हे पालक जरूर ठरवू शकतात, सगळ्यांच्या मुलांचं मात्र नाही. दंडाचा प्रश्नही असाच, उशीर झाला की दंड, दंड भरता येत नाही म्हणून मूल येणं बंद. शिकागो पब्लिक लायब्ररीने 2019 मध्ये उशिराचा दंडच बंद केला, आणि मला वाटतं मुलांच्या कार्डावर तरी कुठेच दंड नसावा.

शिक्षण म्हणाल तर बहुतेक ठिकाणी ग्रंथालयशास्त्राची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी मागतात, शाळेच्या लायब्ररीसाठी काही देशांत शिक्षकाची पात्रताही लागते, आणि मुलांसोबत काम असल्याने पार्श्वभूमी तपासणी होते. बालसाहित्य, बालविकास आणि कथाकथन हे विषय असलेला कोर्स निवडावा, नुसतं कॅटलॉगिंग, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करणं, शिकून इथे निभत नाही. पगार जेमतेम असतो, अर्धवेळ जागा जास्त, संध्याकाळ आणि शनिवार कामातच जातो, हे माहीत असूनच यावं. पुढे विभागप्रमुख किंवा सगळ्या शाखांचं मुलांचं काम बघणारा समन्वयक होता येतं, 1961 मध्ये बाल ग्रंथपाल ऑगस्टा बेकर न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत याच समन्वयकाच्या पदावर पोचल्या. काही जण प्रकाशनात जातात, काही बालसाहित्याच्या पुरस्कार समित्यांवर काम करतात. 1922 पासून दिलं जाणारं बालसाहित्याचं अमेरिकन न्यूबेरी पदक तर बाल ग्रंथपालांचीच संघटना देते. यात पडायचं ठरवत असाल तर आधी जवळच्या लायब्ररीत स्वयंसेवक म्हणून स्टोरीटाइमला बसा, मुलांची भरपूर नवी पुस्तकं वाचा आणि वाचलेल्याची वही ठेवा, मुलाखतीत "नऊ वर्षांच्या, वाचन न आवडणाऱ्या मुलाला काय द्याल" हा प्रश्न कधी ना कधी येतोच.