पित्ताशयाचा अनुभव बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेला पुरतो का?

घोडबंदर रोडपासून वाशीपर्यंत वजन घटवण्याच्या (बॅरिअ‍ॅट्रिक) शस्त्रक्रियेची चौकशी करणाऱ्या कुटुंबांत एक समज पक्का बसला आहे: दुर्बिणीतून पित्ताशयाच्या शेकडो शस्त्रक्रिया केलेल्या सर्जनला हीही सहज जमते. दुर्बीण हाताळण्याचा सराव उपयोगी पडतो, इतपतच ते खरे. यातल्या स्लीव्ह या प्रकारात जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग स्टेपलरने कापून काढला जातो, आणि गळती झालीच तर ती बहुधा त्या लांब शिवणीच्या वरच्या टोकाला, अन्ननलिकेजवळ होते व कधीकधी रुग्ण घरी गेल्यावरच लक्षात येते. जठराच्या नेहमीच्या (रू-एन-वाय) बायपासमध्ये, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडण्याच्या प्रकारात, दोन नवे जोड करावे लागतात. त्यात हात बसायला 75 ते 100 शस्त्रक्रिया लागतात, असे अभ्यासांत दिसले आहे.

म्हणून नवखा सर्जन सरसकट नाकारावा, असे मात्र नाही. पहिल्या शस्त्रक्रियांत अनुभवी बॅरिअ‍ॅट्रिक सर्जन टेबलापाशी प्रत्यक्ष उभा राहणार असेल, तर माझ्या मते विचार करायला हरकत नाही. एकूण आकडा नव्हे, नेमक्या याच शस्त्रक्रियेचा आकडा विचारावा (चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही), आणि शस्त्रक्रियेनंतर मध्यरात्री नाडी 120 च्या वर गेली (ही गळतीची खूण असू शकते) तर कोण येणार, हेही. उत्तर ‘तेव्हाचे तेव्हा बघू’ असे आले, तर दुसरे मत घ्यायला ठाण्यात फार लांब जावे लागत नाही.