कोयत्याच्या धारेतली चौथी सीट

भाच्यानं एका चाकूची जाहिरात पाठवली. ‘अस्सल दमास्कस, ६७ थर, हंटिंग नाइफ.’ पात्यावर लाटांची नक्षी, पाठीला करवतीचे दात, मुठीच्या बुडाशी होकायंत्र. ‘मामा, ट्रेकला घेऊ का?’ शिकारीचा विषय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडे मिटवलाय, तेव्हा या हंटिंग नाइफनं तो फार तर खिचडीचा कांदा चिरणार. पण रानात न्यायचा चाकू पारखायचा कसा, हा प्रश्न रास्त होता.

मी म्हटलं, नक्षी सोड, पोलादाचं नावही नंतर बघू. आधी सांग, त्याला पाणी कसं दिलंय?

‘पाणी देणं’ म्हणजे लालबुंद पातं पाण्यात किंवा तेलात बुडवणं. चुर्र आवाज येतो, वाफ उठते आणि आपल्याला वाटतं, झालं, थंड झालं. खरी गंमत आत घडते.

पोलाद म्हणजे लोखंड आणि चिमूटभर कार्बन. ट्रकच्या स्प्रिंगच्या ज्या जुन्या पाट्यांपासून आपले लोहार कोयते घडवतात, त्यांत तो साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो. थंड लोखंडाचे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि एक मधोमध असे बसलेले असतात. शुद्ध लोखंड ९१२ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की बसण्याची पद्धत बदलते: आठ कोपरे आणि सहाही बाजूंच्या मधोमध एकेक. (कार्बन असला की हा बदल आणखी खालीच होतो.) ही दुसरी रचना जास्त दाट आहे. पहिलीत अणूंनी ६८ टक्के जागा व्यापलेली, दुसरीत ७४. मग कार्बन जास्त कुठे मावेल? चक्क दाट रचनेत! तिच्यात पोकळ्या कमी, पण ऐसपैस. पहिलीत पोकळ्या भरपूर, पण सगळ्या चिंचोळ्या. म्हणून तापलेल्या लोखंडात २ टक्क्यांपर्यंत कार्बन विरघळतो आणि थंड लोखंडात ०.०२ टक्केही कसाबसा.

आता पातं सावकाश थंड केलं, तर कार्बन रांगेनं उतरतो, बाजूला लोखंडाशी संयोग करून आपले वेगळे पापुद्रे करतो. पातं मऊ राहतं. पण झटक्यात थंड केलं तर त्याला उतरायला स्टेशनच मिळत नाही. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा अडकून बसावा, तसा तो अडकतो आणि त्याच्या रेट्यानं तो घन एका दिशेला ताणला जातो. या ताणलेल्या रचनेला जर्मन धातुशास्त्रज्ञ अडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात. धातू वाकतो तो अणूंचे थर एकमेकांवरून सरकल्यामुळे, तेही सगळे एकदम नाही. सतरंजीची सुरकुती ढकलत न्यावी तसे. या गच्च बाकांमधून सुरकुती पुढे जाईना, म्हणून धार वळत नाही.

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे या बदलात कुठलाही अणू लांबच्या प्रवासाला निघत नाही. कवायतीत अख्खी रांग अर्धं पाऊल सरकावी, तसे सगळे मिळून अणूच्या रुंदीपेक्षाही कमी सरकतात, आणि हे सरकणं धातूतल्या ध्वनीच्या वेगाजवळ पोहोचू शकतं. वेळेची कसोटी लागते ती त्याआधी. साध्या कार्बन पोलादाला ७०० अंशांवरून ५००च्या खाली यायला जेमतेम एखादा सेकंद मिळतो. पाट्याच्या पोलादातलं मँगेनीज ही घाई थोडी कमी करतं, म्हणून तिथे तेलही पुरतं. मार्टेन्साइट होताना धातू फुगतो, त्यामुळे कधी कधी ‘टिंग’ असा आवाज येऊन पातं तडकतं आणि लोहाराची सकाळ वाया जाते.

नुसतं पाणी दिलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं. म्हणून ते पुन्हा हलकं तापवतात, म्हणजे थोडा कार्बन उतरतो आणि ताण सैलावतो. घासलेल्या पात्यावर रंग चढत जातात: २०० अंशांच्या पुढे गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, ३००च्या आसपास निळा. सुरी पिवळ्यावर थांबवायची. घाव घालणारा कोयता आणखी पुढे न्यायचा. कठीणपणा मोजायच्या रॉकवेल सी मोजपट्टीवर चांगली सुरी ५६ ते ६०च्या दरम्यान भरते.

पाणी देण्याभोवती भाकडकथाही खूप. रक्तात, मुतात बुडवलेली तलवार म्हणे अजिंक्य! खारट पाण्यात पातं जास्त वेगानं थंड होतं हे खरं, कारण पात्याभोवती धरलेलं वाफेचं वेष्टन मीठ फोडून टाकतं. ते काम मूठभर मिठानं होतं. बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की रांगत्या पोराच्या घरात तो खुंटीवर बरा.

दमास्कसचंही तसंच. त्या नावानं गाजलेल्या जुन्या तलवारींचं पोलाद, वूट्झ, दक्षिण भारतात मुशीत बनायचं आणि नक्षी त्याच्या आतल्या कार्बाइडच्या, म्हणजे धातू आणि कार्बनच्या संयुगाच्या, पट्ट्यांतून यायची. आज त्या नावानं विकतात ते बहुतेक दोन पोलादांचे जोडलेले थर, आम्लात बुडवून उठाव दिलेले. थरांच्या आकड्यावरून धारेबद्दल काहीच कळत नाही.

आणि स्टेनलेस गंजतंच. त्याला वाचवतो तो क्रोमियमच्या ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा पापुद्रा. त्यासाठी निदान १०.५ टक्के क्रोमियम लागतं, तेही मोकळं. डी-२ नावाच्या पोलादात १२ टक्के असतं, पण सोबतचा दीड टक्का कार्बन त्यातला मोठा वाटा कार्बाइडमध्ये गिळतो. कोकणच्या पावसात असा चाकू दोन दिवसांत ठिपके दाखवतो. घरी आल्यावर पुसून खोबरेल लावायचं.

बाकी आकाराचं सोपं आहे. चार इंची पातं, तीन मिलिमीटर जाडी, पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं. पोकळ मुठीत होकायंत्र म्हणजे चाकू तिथेच मोडणार.

भाच्यानं अर्थातच तो चाकू मागवला. मी मुठीजवळ धारेवर नवी कानस फिरवली. नीट पाणी दिलेल्या धारेवर ती बरीचशी घसरते. इथे सुपारी कातरावी तशी आत गेली. मग थोडी नक्षी पॉलिश पेपरनं घासली. खऱ्या थरांची असती, तर फेरिक क्लोराइड हे पोलाद खाणारं रसायन लावताच परत उमटली असती. पंधरा मिनिटं वाट बघितली, पातं नुसतं करडं झालं.