घडीचा चाकू, नऊ इंच आणि नागपूर : एक पार्श्वभूमी

रोज जवळ ठेवायला घडीचा चाकू कोणता घ्यावा, यावर नागपुरात बोलणं पोलादावरून सुरू होतं आणि फार वेळ न जाता "नऊ इंचांखाली चालतं ना?" इथे येऊन अडतं. पोलाद, मूठ, लॉक, धार सगळं बाजूला राहतं. पात्याच्या लांबीचा हा कायद्यातला आकडा आला कुठून, खिशातल्या चाकूशी त्याचा संबंध किती, हे एकदा नीट बघायला हवं, कारण निवडीचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

फार मागे जायचं कारण नाही. पातं मुठीत मिटवायची युक्ती रोमन काळातही होती. आपल्याकडे बोरू छाटायला आणि पुढे पेन्सिलीला टोक काढायला लहान चाकू घरात असे. बाकी कामांची वाटणी ठरलेली होती : सुपारीला अडकित्ता, भाजीला पावशी म्हणजे विळी, आणि संत्र्याला काहीच नाही. नागपुरी संत्र्याची साल सैल, अंगठ्याने निघते. चाकू खिशात ठेवायची सवय या शहराला उशिरा लागली ती त्यामुळेच, असं गमतीने म्हणायला हरकत नाही.

युरोपात १८९० च्या आसपास लाकडी मुठीचे स्वस्त घडीचे चाकू शेतकऱ्यांसाठी बनू लागले. त्याच सुमारास स्विस सैनिकाला पातं, डबा उघडायचं हत्यार, स्क्रू-ड्रायव्हर आणि टोच्या असा चाकू मिळाला. लाल मुठीचा जो प्रकार आज सगळे ओळखतात, त्याची नोंदणी १८९७ ची. १९१३ मध्ये शेफिल्डला न गंजणारं पोलाद निघालं आणि चाकू वापरून पुसून ठेवायची सक्ती कमी झाली. संपली मात्र नाही.

आपल्या मनातला घडीचा चाकू या वंशातला नाही, तो उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा. लांब, निमुळतं पातं आणि उघडताना गरारीचा, म्हणजे दातेरी खाचांचा, कटकट आवाज. हिंदी पडद्याने तो गुंडाच्या हातात दिला आणि घडीचा चाकू म्हणजे भानगड हे समीकरण पक्कं केलं. खुद्द रामपूरने २०२३ मध्ये एका चौकात वीस फुटी चाकू उभारून त्याचा अभिमान मिरवला. पण इतकी कारागिरी असूनही इकडच्या बातम्यांत तो जप्तीच्या यादीतच भेटतो.

आता तो आकडा. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे १९६२ चे नियम एकाच दिवशी, १ ऑक्टोबर १९६२ ला, अमलात आले. नियमांच्या पहिल्या परिशिष्टात, पाचव्या वर्गात, तलवारी, खंजीर, संगिनी, भाले यांच्या पंगतीत चाकूही बसवले आहेत : पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असलेले. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेली हत्यारं त्यातून वगळली. २०१६ मध्ये नियम नव्याने लिहिले गेले, माप तेच राहिलं.

नऊ इंच म्हणजे जवळपास २३ सेंटिमीटर. एवढं पातं मिटवायचं तर मूठ त्याहून लांब हवी. अशी मूठ कोणत्या पँटच्या खिशात मावते? रोजच्या वापराच्या चाकूंचं पातं साधारण सात ते नऊ सेंटिमीटर असतं. म्हणजे ज्या मापावर एवढं भांडण चालतं, त्याच्या निम्म्यालाही आपला चाकू पोचत नाही. हे माप तलवारीच्या खालोखाल येणाऱ्या हत्यारांसाठी होतं, पेन्सिल छिलणाऱ्यासाठी नव्हे.

पण याचा उलटा अर्थ काढून, नऊ इंचांखाली आहे म्हणजे सुटलो, असं मानणारे जास्त आहेत आणि घोळ तिथेच आहे. मूळ कायद्यातली व्याख्या वेगळी चालते. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी शस्त्र म्हणून बनवलेली वस्तू ती शस्त्र, आणि केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेली वस्तू तेवढी बाहेर. उदाहरण म्हणून लाठी आणि साधी हातकाठी दिली आहे. हा 'केवळ' कायद्यात आहे, नियमातल्या सवलतीत नाही. उलट नियमात वैज्ञानिक आणि औद्योगिक ही दोन कामं वाढवली आहेत, ती कायद्यात नाहीत. दोर कापायला, खोकी फोडायला घेतलेला चाकू केवळ घरगुती म्हणायचा की औद्योगिक की दोन्ही नाही? वकिलांना विचारा, तीन उत्तरं मिळतील. माझ्या मते साठ वर्षांत हे एका ओळीत स्पष्ट करता आलं असतं. ते न केल्याने पोलीस ठाण्यातल्या माणसाच्या मर्जीवर गोष्टी गेल्या.

दुसरी पायरी शस्त्र कायद्याच्या कलम ४ ची. एखाद्या भागात गरज वाटली तर बंदुकीखेरीज इतर शस्त्रांनाही अधिसूचना काढून परवाना सक्तीचा करता येतो. दिल्लीत १९८० मध्ये अशीच अधिसूचना निघाली : बटणाने, गरारीने किंवा तशा यंत्रणेने उघडणारे चाकू, पातं ७.६२ सेंटिमीटर किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा जास्त रुंद. 'तीन इंचांचा नियम' म्हणून इंटरनेटवर जो देशभर फिरतो तो हा, दिल्लीचा. नागपूरचा माणूस तो वाचून तीन इंचांचा चाकू घेतो आणि निर्धास्त होतो.

निर्धास्त होऊ नये, याचं कारण आपल्याच राज्याच्या कायद्यात आहे. १९५१ चा पोलीस कायदा मुंबई राज्याचा. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होती. विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, त्यानंतर हा कायदा इकडे लागू झाला. त्याच्या कलम ३७ (१) खाली मनाई आदेश निघाला की हत्यारं, सोटे, तलवारी, भाले, बंदुका, चाकू, काठ्या, लाठ्या जवळ बाळगायला बंदी. इथे इंच नाहीतच. केंद्राच्या कायद्याने जी लाठी सोडली तीच इथे नावानिशी अडकते. आदेश मोडला तर कलम १३५ खाली चार महिने ते एक वर्ष कैद आणि दंड. असा आदेश ठरावीक काळापुरताच असतो, पण सण, निवडणुका, मोर्चे यांच्या निमित्ताने तो पुन्हा निघू शकतो. त्यात डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन. १७ मार्च २०२५ च्या रात्री महाल भागात हिंसाचार झाल्यावर कित्येक ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी होती. अशा दिवसांत फळं कापायला चाकू ठेवलाय, हे सांगायची वेळ कोणावर येऊ नये. तेव्हा तो घरी ठेवावा, वाद घालू नये.

इतकं लांबण लावायचं कारण, गेल्या चाळीसेक वर्षांतल्या चाकूची रचनाच या प्रश्नाला येऊन भिडते. जुने चाकू नुसत्या स्प्रिंगच्या दाबावर उभे राहत. १९५५ मध्ये लाकडी मुठीच्या फ्रेंच चाकूला फिरवायची कडी आली आणि पातं बोटावर मिटणं थांबलं. १९८१ मध्ये अमेरिकेत पात्याला भोक आणि मुठीला क्लिप असलेला चाकू निघाला : एका हाताने उघडा, खिशाच्या काठावर अडकवा. त्याच दशकात मुठीच्या आतली पोलादी पट्टी बाजूला सरकून पात्याला टेकू देते, ते लायनर लॉक सुधारून रूढ झालं. आज ऑनलाइन मिळणारे बहुतेक स्वस्त चिनी चाकू याच घरातले. अंगठ्याच्या झटक्याने उघडणारं पातं आणि बाहेर दिसणारी क्लिप नागपूरच्या रस्त्यावर कशी दिसते, याचा विचार ती रचना करणाऱ्याने केला नव्हता. २०१८ च्या मे महिन्यात तेव्हाच्या औरंगाबादेत ऑनलाइन मागवलेल्या तलवारी, चाकू, गुप्त्या पोलिसांनी जप्त केल्या, तेव्हापासून कुरिअरच्या खोक्याकडे बघायची नजरही बदलली.

म्हणून इथे घ्यायचा तर बिनलॉकचा किंवा कडीचा, दोन्ही हातांनी उघडावा लागणारा, सात-आठ सेंटिमीटरचा, गुळगुळीत धारेचा. काळं पातं आणि करवतीचे दाते टाळा. क्लिपने मिरवण्यापेक्षा डब्याच्या किंवा अवजारांच्या पिशवीत टाका. मुठीचं लाकूड उन्हाळ्यात आकसतं आणि पावसाळ्यात फुगून पातं अडतं, एवढं चालवून घ्यावं लागेल.

लायनर लॉकचाच हवा असेल तर उघडून आत बघा. पट्टीचं टोक पात्याच्या बुडाला अलीकडच्या कडेपासून थोडं आत टेकलेलं हवं. वापराने ते हळूहळू पलीकडे सरकतं. पार पलीकडच्या भिंतीला भिडलं की लॉक संपलं. मग पात्याची पाठ लाकडावर हलकेच ठोका, बोटं मिटण्याच्या वाटेतून बाजूला ठेवून. पट्टी निसटली तर चाकू परत.

पोलादाबद्दल थोडक्यात. स्वस्तातलं ८सीआर१३एमओव्ही निसण्यावर लवकर लागतं. डी२ धार जास्त टिकवतं, पण त्यात क्रोमियम बारा टक्क्यांच्या आसपास. संत्र्याचा रस तसाच राहिला तर ठिपके पडतात. कार्बन पोलाद तर एका लिंबात काळं होतं, ते त्याचं चालायचंच.

सायकलवरच्या धारवाल्याकडे पावशी द्या, हा चाकू नको. कोरड्या सानेवर ठिणग्या उडतात तेव्हा पातळ कडा तापते. पिवळट, मग निळी झाक आली की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं. पुढे कितीही घासा, धार दोन दिवसांत बसते. घरी निसण्यावर पाणी घालून, दोन्ही बाजूंनी वीसेक अंशांत, एका बाजूला घासून दुसऱ्या बाजूला बोटाला खरखर लागेपर्यंत, मग उलटून. शेवटी जुन्या पट्ट्याच्या चामड्यावर पाठ पुढे करून ओढायचं, न्हावी वस्तरा ओढत तसं.

तेल खोबरेल नको. ते चोवीस अंशांखाली थिजतं आणि इथल्या जानेवारीच्या रात्री दहा-बारा अंशांवर येतात. सकाळी पातं जाम. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पातं ज्यावर फिरतं त्या खिळ्याशी पुरतो. फळं कापत असाल तर मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन बरं. कापसाचे तंतू आणि उन्हाळ्यातली धूळ त्या तेलात बसते, तेव्हा महिन्या-दोन महिन्यांनी कोमट साबणाच्या पाण्यात दात घासायच्या जुन्या ब्रशने आतून धुवा आणि उघडाच वाळवा. चांदणीच्या आकाराचे स्क्रू साध्या पेचकसाने फिरवायला गेलात तर डोकी जातात. टी६ आणि टी८ ही टोकं मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे असतात, सीताबर्डीच्या बाजारात विचारलं तरी मिळतील. पातं सैल झालं तर खिळ्याचा स्क्रू एकदम आवळू नका, आठवा हिस्सा फिरवून मिटवून-उघडून बघा, मग पुढचा.