बागेत औषध मारायचं लायसन: बेळगाव भागात कुणाला लागतं आणि कसं काढायचं

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. टिळकवाडीत एका अपार्टमेंटच्या बागेचं काम माझ्याकडे होतं. माझ्या माळ्यानं आदल्या आठवड्यात कंपाउंडकडेच्या गवतावर टू-फोर-डी हे तणनाशक मारलं आणि पंप नुसता विसळून ठेवला. मग त्याच पंपानं गुलाबावर माव्याचं औषध मारलं. आठ-दहा दिवसांत गुलाबाचे शेंडे पिळून ठेवलेल्या फडक्यासारखे वाकडे झाले. चूक आमचीच होती. सोसायटीचे सेक्रेटरी, निवृत्त मास्तर, झाडाकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "ते राहू दे. औषध मारायचं लायसन आहे काय तुमच्याकडं? दाखवा की."

माझ्याकडे जीएसटी होता, पालिकेचं ट्रेड लायसन होतं, नर्सरीही होती. औषध मारायचं लायसन म्हणून काही असतं, हेच माहीत नव्हतं. नंतर दोन-तीन महिने कचेऱ्या पालथ्या घालून जे कळलं, ते इथं लिहितोय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात बागकामाची कंत्राटं घेणाऱ्या आपल्या पोरांना उपयोगी पडेल. कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे बिदर-कारवारकडच्यांनाही मूळ नियम हेच.

लागतं कुणाला

१९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे त्याचे नियम, सगळं या दोन कागदांवर चालतं. कायद्याचं ३८ वं कलम सांगतं की स्वतःच्या घरासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीसाठी औषध वापरणाऱ्याला हा कायदा लागू नाही. म्हणजे तुमच्या अंगणातल्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला आणि तुम्ही फवारलंत, तर लायसनचा प्रश्नच येत नाही.

पण तोच पंप पाठीला लावून पैसे घेऊन दुसऱ्याच्या आवारात शिरलात, की तुम्ही 'कमर्शियल पेस्ट कंट्रोल' करता. नियमांत या शब्दाची व्याख्या ऐसपैस आहे: घर, सार्वजनिक किंवा खाजगी जागा किंवा जमीन, कुठंही धंदा म्हणून केलेली फवारणी. आपल्याला वाटतं, पेस्ट कंट्रोल म्हणजे हॉटेलातली झुरळं आणि फर्निचरची वाळवी. तसं नाही. कॉलेजचं लॉन, मंगल कार्यालयाची बाग, क्रिकेटचं मैदान, कारखान्याच्या दारातलं कुंपण, ही जागाही त्यातच बसते. बागेचं कंत्राट घ्यायला लायसन लागत नाही. खत घाला, कटिंग करा, पाणी द्या. औषधाची बाटली फोडली की लागतं.

दुकानात औषध विकायचं लायसन वेगळं. त्याला शेतीची किंवा विज्ञानाची ठराविक पदवी किंवा डिप्लोमा लागतो, आणि जुन्या दुकानदारांसाठी 'देसी' नावाचा ४८ आठवड्यांचा कोर्स आहे, तो आठवड्यातून एक दिवस असतो. बरेच जण विचारतात, 'देसी केलंय, फवारणीचं लायसन मिळेल काय?' तो कोर्स विकणाऱ्यासाठी आहे. फवारणीच्या लायसनला तो चालत नाही.

पात्रता

शेतीतली पदवी, किंवा रसायनशास्त्र विषय घेऊन विज्ञानाची पदवी. त्यावर किमान १५ दिवसांचं प्रशिक्षण, आणि ते नियमात नाव असलेल्या संस्थेतूनच. आपल्याला जवळच्या दोन: म्हैसूरची सीएफटीआरआय (अन्न तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था) आणि हैदराबादच्या राजेंद्रनगरातली एनआयपीएचएम (वनस्पती आरोग्य व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था). तिसरी उत्तर प्रदेशात हापूरला. बेळगावात कुणी 'दोन दिवसांत पेस्ट कंट्रोल सर्टिफिकेट' देतो म्हणाला, तर चहा पिऊन उठा.

स्वतः पदवीधर नसाल तर अशी पदवी आणि प्रशिक्षण असलेला माणूस तांत्रिक माणूस म्हणून नेमून त्याची कागदपत्रं लावतात. माझं बी.कॉम. मी भाच्याला पुढं केलं. त्यानं कोल्हापूरच्या विद्यापीठातून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलेलं. महाराष्ट्रातली पदवी असली तरी अडचण नाही, मान्यताप्राप्त विद्यापीठ पुरे. बी.एस्सी. हॉर्टिकल्चरवाल्यांनी मात्र प्रशिक्षणाचे पैसे भरण्याआधी कचेरीत प्रमाणपत्र दाखवून तोंडी नाही, लेखी विचारून घ्यावं.

चंदगड, गडहिंग्लज, कागलकडच्यांसाठी एक गोष्ट. लायसन देणारा अधिकारी त्या-त्या राज्य सरकारनं नेमलेला असतो आणि लायसन जागेवर असतं. कोल्हापूर जिल्ह्याच्या लायसनवर बेळगावात खोली घेऊन काम सुरू करता येत नाही. इथल्या जागेसाठी इथला अर्ज. दोन ठिकाणी धंदा असेल तर दोन अर्ज.

अर्ज आणि कागद

सुरुवात तालुक्याच्या सहाय्यक कृषी संचालकांच्या कचेरीतून करा. गावाकडचे असाल तर होबळीच्या (तालुक्याखालच्या गावांच्या गटाच्या) रयत संपर्क केंद्रात आधी विचारा. तिथला माणूस निदान कुठल्या टेबलाला जायचं ते नीट सांगतो. अर्ज कृषी खात्याकडे जातो, बागायत खात्याकडे नाही. मी पहिले आठ दिवस बागायत खात्याच्या दारात घालवले, कारण काम बागेचं, म्हणून खातंही बागायत असेल असा आपला सरळ हिशेब!

कागद साधारण असे लागतात: आधार आणि फोटो, पदवीचं प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका, १५ दिवसांचं प्रशिक्षण प्रमाणपत्र, तांत्रिक माणूस वेगळा असेल तर त्याचं नेमणूकपत्र आणि संमती, जागेचा कागद, औषध ठेवायच्या खोलीचा नकाशा, वापरणार त्या औषधांची आणि पंप, मास्क, हातमोजे यांची यादी, फी भरल्याचं चलन. पालिका हद्दीत ट्रेड लायसनही मागतात. जागा स्वतःची असेल तर शहरात ई-आस्तीचा उतारा आणि घरपट्टीची पावती, पंचायत हद्दीत ई-स्वत्तूचा उतारा. भाड्याची असेल तर करारपत्र आणि मालकाची ना-हरकत. गावठाणातल्या जुन्या घराचा ई-स्वत्तू झालेला नसतो आणि तिथं महिना-दीड महिना जातो, म्हणून हा कागद सगळ्यात आधी हलवा.

सीमाभागातल्या माणसाचं खरं घोडं अडतं ते नावात. भाच्याच्या पदवीवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी आणि आडनाव शेवटी. दहावीच्या दाखल्यावर वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. टेबलावरच्या बाईंनी तिन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, "हे तिघं जण कोण?" उत्तर: ई-स्टॅम्पवर 'तिन्ही नावांची व्यक्ती एकच' असं नोटरीचं प्रतिज्ञापत्र. आधीच करून न्या, एक फेरी वाचते. मराठीतले कागद असतील तर सोबत कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर ठेवा. फॉर्म कन्नडमध्ये भरताना गावाचं नाव सरकारी नोंदीत आहे तसंच लिहा, घरात म्हणता तसं नको.

खोली बघायला येतात तेव्हा

कागदांपेक्षा इथं जास्त अर्ज लटकतात. औषधं इतर सामानापासून वेगळ्या खोलीत किंवा कुलपाच्या कपाटात हवीत, आणि खोली कोरडी, उजेडाची, हवा खेळती. आमच्याकडे औषधं शेणखताच्या पोत्यांशेजारी एका फळीवर आणि त्याच फळीवर माळ्याचा जेवणाचा डबा. साहेबांनी डब्याकडे बोट दाखवलं, एक शब्द बोलले नाहीत आणि वहीत लिहिलं.

दुसऱ्या खेपेला लोखंडी कपाट, मुदत संपलेल्या बाटल्यांचा वेगळा कप्पा, सांडलं तर टाकायला वाळूची बादली, बाहेर नळ आणि साबण, भिंतीवर प्रथमोपचार पेटी, आणि कुठल्या तारखेला कुठल्या आवारात काय किती मारलं याची वही, एवढं केलं. पास झालो.

कपाटात काय सापडतं, तेही बघतात. कुंडीत आणि लॉनमध्ये हुमणीला थिमेटचे दाणे टाकायची आपल्याकडच्या माळ्यांची जुनी सवय. थिमेट म्हणजे फोरेट, आणि त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. डायक्लोरव्हॉस त्याच यादीत. जुन्या स्टॉकमधली अर्धी पिशवी कोपऱ्यात राहिलेली असते, ती अंगाशी येते. ग्लायफोसेटचंही तसंच. फरशीच्या फटीतलं गवत मारायला सर्रास वापरतात, पण ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रानं आदेश काढला की ग्लायफोसेट पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच, म्हणजे फवारणीचं लायसन असलेल्याकडूनच, वापरायचं. सोसायटीच्या वॉचमननं बाटली आणून मारणं त्यात बसत नाही. आमच्या धंद्याला लायसनची गरज खरी पटली ती या आदेशामुळे.

पंप ज्याच्या पाठीवर

इथं मला कायद्याची रचना थोडी उलटी वाटते. पदवी मालकाची किंवा भाच्याची, प्रशिक्षण त्याचं, प्रमाणपत्र त्याच्या भिंतीवर, आणि औषध अंगावर घेणारा माळी आठवी शिकलेला. ब्रिटनमध्ये पार्कात फवारणाऱ्या माणसाला स्वतःला सर्टिफिकेट लागतं: आधी पीए-१ हा पाया, मग हातपंपासाठी पीए-६, आणि परीक्षा प्रत्यक्ष पंप हातात देऊन. आपल्याकडे माळ्याच्या हातात असा कागद देणं सक्तीचं नाही, पण मालक मोकळा सुटत नाही. १९७१ च्या नियमांतला ४२ वा नियम म्हणतो की सुरक्षिततेचं आणि साधनं वापरायचं प्रशिक्षण कामगारांना द्यायची सोय ऑपरेटरनंच करायची. ३९ वा संरक्षक कपड्यांचा: मनगट आणि कोपर यांच्या मध्यापर्यंत येतील असे हातमोजे, चष्मा, बूट, अंगावर पूर्ण कपडे. कामावर घेण्याआधी आणि पुढं दर तीन महिन्यांनी निदान एकदा वैद्यकीय तपासणी, हेही नियमात आहे. आम्ही ती आता दर तिमाहीला करून घेतो आणि कागद फाईलला लावतो.

माळ्याला शिकवायचं कुठं? बैलहोंगल तालुक्यात मत्तीकोप्पचं आणि गोकाककडे तुक्कानट्टीचं कृषी विज्ञान केंद्र, दोन्हीकडे फवारणीवरचे छोटे कार्यक्रम होतात. चार-पाच जणांची नावं एकत्र दिली तर लवकर तारीख मिळते. अरभावीला बागायत महाविद्यालय आहे, झाडाचा रोग ओळखायला फांदी घेऊन गेलात तर परत पाठवत नाहीत. दहावी झालेल्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी बागायत खात्याचं दहा महिन्यांचं प्रशिक्षण असतं. कन्नड वाचता आलेलं बरं. शेती कौशल्य परिषदेचा 'गार्डनर' कोर्सही चालतो. यातल्या कशानंही लायसन मिळत नाही, पण साहेबांसमोर ४२ व्या नियमाचा पुरावा म्हणून हेच कागद उभे राहतात.

आमच्या माळ्याला मी पहिला धडा दिला तो पंपाचा. आपले लोक 'टोपणभर' मारतात. लेबलवर मात्रा हेक्टरी असते, मग टोपण कुठून काढायचं? उपाय गुंठ्यात आहे. ३३ बाय ३३ फुटांचा चौकोन दोरीनं आखा, म्हणजे जवळजवळ १०० चौरस मीटर. पंपात साधं पाणी मोजून भरा, रोजच्या चालीनं तेवढंच मारा, उरलेलं मोजा. पाच लिटर गेलं तर हेक्टरी ५०० लिटर. लेबल हेक्टरी एक लिटर औषध म्हणत असेल तर लिटरमागे दोन मिली, आणि १६ लिटरच्या पंपाला ३२ मिली. हा हिशेब खडूनं खोलीच्या दारावर लिहिलाय. माणूस बदलला की चाल बदलते, चाल बदलली की आकडा बदलतो, म्हणून नवा माळी आला की पुन्हा दोरी. तणनाशकाच्या पंपाला लाल रंग दिलाय. तो गुलाबाकडे जात नाही.

लेबलवरच्या त्रिकोणाचा धडा दुसरा. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा सगळ्यात सौम्य. मुलं खेळतात अशा बागेत आम्ही लाल-पिवळा आणतच नाही. रिकाम्या बाटल्या धुऊन भोकं पाडून वस्तीपासून लांब पुरायच्या. भंगारवाल्याला दिलेली बाटली उद्या कुणाच्या घरी तेलाची होते. आणि काँग्रेस गवतावर पावसाळ्यात पट्ट्यापट्ट्यांचे भुंगेरे दिसले तर पंप बाहेरच काढू नका. १९८४ मध्ये बेंगळुरात सोडलेल्या मेक्सिकन भुंगेऱ्याची ती पिलावळ, फुकटात पानं चाळणीसारखी करते.

ड्रोननं मारायचं कुणाच्या डोक्यात असेल तर ते प्रकरण वेगळं. रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं. वय १८ ते ६५, दहावी पास. आणि सांबऱ्याचं विमानतळ जवळ, कॅम्पात लष्कर, त्यामुळे डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोन पोर्टलवरचा नकाशा बघितल्याशिवाय उडवू नका.

आमचं लायसन हातात आलं त्या दिवशी झेरॉक्स घेऊन मास्तरांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला, मागची बाजूही बघितली. मग विचारलं, "आणि गुलाबाची नवी रोपं कधी लावणार?"