बोगद्यातील दिवे भर दुपारी जास्त का लागतात?

चतुर्थी आटोपून पेडण्याहून महामार्गाने मुंबईला जाताना कशेडीच्या बोगद्यापाशी भाच्याने विचारले, ‘‘मामा, बोगद्यात जास्त दिवे रात्री लागत असतील ना?’’ समजूत सार्वत्रिक आहे, पण उलटी. रात्री डोळे आधीच काळोखाला सरावलेले असतात. दुपारी मात्र उन्हातून येणाऱ्याला बोगद्याचे तोंड काळ्या भोकासारखे दिसते आणि आत बंद पडलेला ट्रक दिसतच नाही.

याचे खापर डोळ्याच्या बाहुलीवर फोडले जाते, पण बाहुलीचे क्षेत्रफळ फार तर सोळापट बदलते. खरी अडचण अशी, की आकाशाचा प्रखर प्रकाश डोळ्याच्या भिंगात आणि गाडीच्या काचेवरील धुळीत विखुरतो आणि दृष्टिपटलावर उजेडाचा पातळ पडदा धरतो, ज्यात काळोखातील अंधूक आकृती बुडून जाते. ‘जागा वाईट आहे’ म्हणून तेथे नारळ ठेवणाऱ्याने आधी काच पुसावी.

म्हणून अभियंता प्रथम बाहेरचा उजळपणा मोजतो. गाडी थांबायला लागणाऱ्या अंतरावरून (ताशी ८० किलोमीटरला सुमारे १०० मीटर) तोंडाकडे पाहताना २० अंशांच्या शंकूत काय काय दिसते, याची सरासरी तो काढतो. पूर्व-पश्चिम रस्त्यावर आकाश सुमारे १२,००० कॅन्डेला प्रति चौरस मीटर (हे उजळपणाचे एकक), तर हिरवळ २,००० धरतात. समजा सरासरी ५,००० आली आणि तिच्या पाच टक्के उजेड आत हवा, तर तो २५० होतो. आता शंकूच्या वीस टक्के भागात दिसणारे आकाश झाडांच्या हिरवळीने झाकले, तर सरासरी ३,००० वर येते आणि आतील गरज १५० वर, म्हणजे तोंडाशी लागणारा उजेड चाळीस टक्क्यांनी घटतो. एलईडी बसवल्या की बचत झाली, असा गाजावाजा होतो; ही बचत मात्र एकही दिवा न बदलता होते.

पुढे उजेड एकदम न तोडता उतरवत नेतात: प्रवेशपट्टा (तोंडापासून थांबण्याच्या अंतराइतका आतला भाग) संपताना तो मूळच्या सुमारे चाळीस टक्के असतो आणि पुढच्या दहा सेकंदांत तीन टक्क्यांवर येतो, कारण त्याहून वेगाने डोळा सरावत नाही. वेगमर्यादा कमी केली, तर थांबण्याचे अंतर आणि त्यासोबत हा खर्चिक पट्टाही आखूड होतो.

आपल्याकडे डोंगर कापला की तांबडा जांभा उघडा पडतो आणि पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरून तो आणखी काळवंडतो. दर्शनी भिंतीला तो तसाच शोभतो, कारण काळपट भिंतीमुळे शंकूतील सरासरी कमी राहते. पांढरा रंग द्यायचाच, तर तो आतील भिंतींना, दोन मीटर उंचीपर्यंत द्यावा. पुढच्या गाडीची आकृती त्याच पार्श्वभूमीवर उठून दिसते.