मस्कतच्या गलबतांचा खटला

मस्कतच्या गलबतांचा खटला : ओमानच्या सुलतानाच्या प्रजाजनांना आपल्या गलबतांवर फ्रेंच निशाण लावण्याचा परवाना देण्याचा हक्क फ्रान्सला होता काय, या प्रश्नावर ग्रेट ब्रिटन व फ्रान्स यांच्यात झालेला आंतरराष्ट्रीय लवाद. हेगच्या स्थायी लवाद न्यायालयाने त्याचा निवाडा ८ ऑगस्ट १९०५ रोजी दिला. जहाजाचे राष्ट्रीयत्व कोण ठरवते, या प्रश्नाच्या चर्चेत हा निवाडा आजही उद्धृत केला जातो.

खटल्याला नाव मस्कतचे मिळाले, पण त्याचे मूळ सूर या बंदरात आहे. मस्कतच्या आग्नेयेस, रास अल हद्दच्या टोकाजवळ असलेले हे गाव गलबते बांधणाऱ्यांचे आणि हाकारणाऱ्यांचे. तिथली बगला, घांजा आणि सांबुक या प्रकारांची गलबते ईशान्य मोसमी वाऱ्यावर खजूर नि खारी मासळी घेऊन पूर्व आफ्रिकेकडे उतरत आणि नैर्ऋत्य वारे सुटले की खारफुटीचे वासे, लवंगा वगैरे भरून परतत. मुंबई आणि मलबारचा किनाराही त्यांच्या फेऱ्यांत असे. गलबते बांधायला लागणारे सागवान मलबारातूनच जाई. परतीच्या मालात पुष्कळदा माणसेही असत. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी १८७३ मध्ये ओमानचा सुलतान तुर्की बिन सईद याच्याकडून गुलामांचा व्यापार बंद करण्याचा करार करून घेतला होता, पण सूरच्या नाखुदांनी, म्हणजे गलबतांच्या कप्तानांनी, तो फारसा मनावर घेतला नाही.

ब्रिटिश आरमार हिंदी महासागरात संशयित गलबते अडवून त्यांची झडती घेई. फ्रान्सने मात्र आपल्या निशाणाखालच्या जहाजांची झडती घेण्याचा हक्क परक्या आरमाराला द्यायचे नाकारले होते. ब्रिटिश अधिकाऱ्याने फार तर कागद तपासावेत, तळघरात डोकावू नये, अशी फ्रान्सची भूमिका. ही मर्यादा किती महागात पडे ते डिसेंबर १८८१ मध्ये दिसले. झांझिबारला तळ असलेल्या ‘लंडन’ या युद्धनौकेचा कप्तान चार्ल्स ब्राउनरिग पेंबा बेटाजवळ फ्रेंच निशाण लावलेल्या एका गलबताचे कागद पाहण्यासाठी आपली वाफेची होडी घेऊन गेला. झडती घ्यायची नसल्याने त्याची माणसे लढाईच्या तयारीत नव्हती. गलबतावर गुलाम होते. खलाशांनी एकदम गोळीबार केला आणि कप्तान मारला गेला.

फ्रेंच कागद मिळवणे अवघड नव्हते. मादागास्करजवळच्या मायोट, नोसी बे या फ्रेंच बेटांवर किंवा पुढे तांबड्या समुद्राच्या तोंडाशी ओबॉक, जिबूतीकडे थोडी जमीन वा घर असले की परवाना मिळे. सूरच्या कित्येक मालकांची त्या बेटांवर बिऱ्हाडेच होती. १८९४ मध्ये फ्रान्सने मस्कतला पॉल ओतावी यांना वकील (कॉन्सल) म्हणून नेमल्यावर सूरशी असलेल्या या संबंधाला राजकीय रंग चढला. कागद एकदा पेटीत आला की नाखुदा सुलतानाच्या अधिकाऱ्यालाही जुमानीनासा होई. आम्ही फ्रान्सच्या छत्राखालचे, आमचा न्याय फ्रेंच वकील करील, हा त्याचा पवित्रा. सूरचे लोक आधीच सुलतानाला फारसे दबून नसत, त्यात ही भर.

कायद्याचा पाया तीन दस्तऐवजांत होता. १७ नोव्हेंबर १८४४ च्या तहाने फ्रान्सला मस्कतमध्ये व्यापाराच्या सवलती मिळाल्या आणि फ्रेंचांच्या नोकरीतल्या स्थानिक माणसांना संरक्षण मिळाले. १० मार्च १८६२ च्या जाहीरनाम्यात ब्रिटन आणि फ्रान्सने मस्कत व झांझिबारच्या सुलतानांच्या स्वातंत्र्याचा मान राखण्याचे परस्परांना वचन दिले. ही दोन राज्ये वर्षभरापूर्वीच लॉर्ड कॅनिंग यांच्या निवाड्याने वेगळी झाली होती आणि त्या निवाड्यामागची चौकशी मुंबई सरकारने नेमलेल्या कोग्लन आयोगाने केली होती. तिसरा दस्तऐवज म्हणजे गुलामांच्या व्यापाराविरुद्धचा २ जुलै १८९० चा ब्रुसेल्स करार. त्याच्या ३२ व्या कलमाप्रमाणे स्थानिक गलबताला निशाण द्यायचे तर मालक त्या सत्तेचा प्रजाजन किंवा संरक्षित (प्रजाजन नसूनही तिच्या संरक्षणाखालचा) असला पाहिजे, त्याची तिथे स्थावर मालमत्ता वा पुरेसा जामीन हवा, आणि गुलामविक्रीबद्दल त्याला शिक्षा झालेली नसावी.

सुलतान फैसल बिन तुर्कीच्या स्वातंत्र्याची काळजी ब्रिटिशांना किती होती, हे त्यांच्याच वागण्यावरून ताडता येते. मार्च १८९१ मध्ये त्यांनी त्याच्याकडून गुप्तपणे लिहून घेतले होते की राज्याची जमीन ब्रिटनखेरीज कोणालाही दिली जाणार नाही. त्याने मस्कतजवळच्या बंदर जिस्सा येथे फ्रेंचांना कोळशाच्या साठ्यासाठी जागा देऊ केली, तेव्हा फेब्रुवारी १८९९ मध्ये ब्रिटिश युद्धनौका मस्कतपुढे उभ्या राहिल्या आणि तोफांच्या धाकाने ती सवलत मागे घ्यायला लावली. त्या वेळी व्हाइसरॉय होते लॉर्ड कर्झन. शिवाय मस्कतमधले कच्छी भाटिया आणि खोजा व्यापारी ब्रिटिश प्रजा म्हणून ब्रिटिश वकिलाच्या अधिकाराखाली होते. ही गोष्ट मात्र सुलतानाच्या स्वातंत्र्याआड येते असे कुणा ब्रिटिशाला वाटले नाही. १९०० मध्ये सुलतान ब्रिटिश अधिकारी पर्सी कॉक्स यांच्यासह सूरला गेला आणि फ्रेंच निशाण सोडतो असे तिथल्या मालकांकडून वदवून घेतले. फ्रान्सने हे मानले नाही. १९०३ मध्ये क्वारंटाइन मोडल्याबद्दल सुलतानाने फ्रेंच निशाणाच्या गलबतावरची माणसे पकडली, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी फ्रेंच युद्धनौका मस्कतला आली.

एप्रिल १९०४ मध्ये दोन्ही सत्तांनी इजिप्त आणि मोरोक्कोवरची भांडणे मिटवली. मग सूरच्या काही गलबतांसाठी तणातणी चालू ठेवण्यात दोघांनाही अर्थ उरला नाही. १३ ऑक्टोबर १९०४ रोजी लंडनला लवादाचा करार झाला. ब्रिटनने अमेरिकेचे सरन्यायाधीश मेलव्हिल फुलर यांना नेमले, फ्रान्सने नेदरलँड्सचे साव्होर्निन लोमान यांना, आणि इटलीच्या राजाने सरपंच (मुख्य लवाद) म्हणून ऑस्ट्रियाचे हाइनरिख लामाश यांना. सुलतान या खटल्यात पक्षकारच नव्हता. त्याची गलबते, त्याची माणसे, त्याचे पाणी, वाद दुसऱ्यांचा.

निवाड्याचे पहिले तत्त्व फ्रान्सच्या बाजूचे होते: आपले निशाण कोणाला द्यायचे आणि कोणत्या नियमांनी, हे सर्वसाधारणपणे प्रत्येक सार्वभौम सत्ता स्वतः ठरवते, आणि असे निशाण दिल्याने सुलतानाच्या स्वातंत्र्यावर आपोआप घाला पडत नाही. मात्र फ्रान्सने ब्रुसेल्स करार २ जानेवारी १८९२ रोजी मंजूर केला होता. त्या दिवसापासून ३२ व्या कलमाने त्याचे हात बांधले गेले. त्यापूर्वी परवाना मिळालेल्या मालकांचा परवाना फ्रान्स नूतनीकरण करत राहील तोवर टिकेल; नंतरच्यांना तो मिळेल तो १८६३ पूर्वीपासून फ्रान्सने आपले संरक्षित मानले असल्याचे सिद्ध झाले तरच. हे साल आले कुठून? त्या वर्षी ऑटोमन कायद्याने आणि फ्रान्स-मोरोक्को कराराने पौर्वात्य देशांत नवे संरक्षित निर्माण करण्यावर मर्यादा घातली होती. लवादाने ती प्रथा ओमानलाही लागू केली. १८९० च्या दशकात कागद मिळवलेल्या सूरच्या बहुतेक मालकांना चाळीस वर्षांपूर्वीचा पुरावा आणणे कठीण होते, हे उघड आहे.

फ्रेंच निशाण लावलेल्या गलबतांना आणि त्यांच्यावरच्या माणसांना कोणते हक्क मिळतात, हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर माझ्या मते निवाड्यातला सर्वांत तीक्ष्ण भाग. रीतसर फ्रेंच निशाण असलेले गलबत मस्कतच्या सागरी हद्दीत १८४४ च्या तहाप्रमाणे अभेद्य राहील. पण मालक, नाखुदा, खलाशी आणि त्यांची कुटुंबे सुलतानाचीच प्रजा, आणि त्याच्या न्यायाधिकारातून त्यांना सूट नाही. परवाना दुसऱ्या माणसाला वा दुसऱ्या गलबताला देता येणार नाही. म्हणजे गलबत विकले किंवा मालक वारला की तो हक्कही संपला. ब्रिटनने मांडलेली सरसकट बंदी लवादाने मान्य केली नाही, पण जुने परवाने गळत जातील अशी व्यवस्था लावून दिली.

निशाण देण्याच्या हक्काचे पहिले तत्त्व पुढे मोकळ्या नोंदणीच्या देशांना सोयीचे ठरले. पनामा आणि लायबेरियाच्या निशाणाखाली परक्या मालकांची जहाजे वाढू लागल्यावर १९५८ च्या जिनिव्हा करारात जहाज आणि निशाणाचा देश यांच्यात खराखुरा संबंध असावा, अशी अट घालण्यात आली. १९८२ च्या सागरी कायद्याच्या कराराच्या ९१ व्या कलमातही ती आहे, पण तो संबंध कशाला म्हणायचे याची व्याख्या दोन्हींत नाही.