पेठ-सुरगाण्यातली वाडी: खावटीपासून कलमांपर्यंत

नाशिकच्या पश्चिमेला पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरचा डोंगरी पट्टा आहे. पाऊस धो-धो कोसळतो, पण उताराच्या उथळ, मुरमाड जमिनीत तो मुरत नाही. नागली, वरई, भात निघाले की शेतात काम उरत नाही. मग दिवाळीच्या सुमारास मजुरांच्या टोळ्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत उतरतात आणि छाटणीपासून काढणीपर्यंत तिकडेच राबतात. खावटी कर्जापासून ‘वाडी’पर्यंत, म्हणजे स्वतःच्या रानातल्या छोट्या फळबागेपर्यंत, इथल्या उपजीविका योजनांची कहाणी या रिकाम्या महिन्यांचीच आहे.

सुरुवात सावकाराला पर्याय देण्यापासून झाली. 1972 मध्ये आदिवासी विकास महामंडळ स्थापन झालं, त्याचं मुख्यालय नाशिकलाच. एकाधिकार खरेदी (आदिवासींचा माल व्यापाऱ्याऐवजी महामंडळानेच घ्यायचा) आणि पावसाळ्यातल्या टंचाईसाठी खावटी कर्ज ही त्याची कामं. खावटीने चूल पेटती राहिली, पण खाण्यासाठी घेतलेलं कर्ज उत्पन्न वाढवत नाही, त्यामुळे थकबाकी होणारच होती. 2020-21 मध्ये खावटी कर्जाऐवजी अनुदान म्हणून आली: कुटुंबामागे 4000 रुपये, निम्मे रोख, निम्मे वस्तूरूपात.

रोजगार हमीची मुळं 1972च्या दुष्काळात आहेत, तिचा कायदा 1979 मध्ये लागू झाला. आमच्या मते खरं वळण 1990च्या आसपासचं. रोजगार हमी योजनेला फळबाग लागवड जोडली गेली आणि मजुरीतून शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात काहीतरी उभं राहू लागलं. त्याआधीच, 1982 पासून, बाएफ संस्थेने गुजरातच्या वांसदा भागात वाडीचा प्रयोग सुरू केला होता: साधारण एक एकरात आंबा-काजूची कलमं, मध्ये आंतरपीक, बांधावर जंगली झाडं. नाबार्ड या ग्रामीण विकास बँकेने 2003-04 मध्ये आदिवासी विकास निधी उभारून हाच नमुना देशभर नेला.

कागदावर वाडी सोपी दिसते. उन्हाळ्यात तीन फुटी खड्डे खणून तापू द्यायचे, माती-शेणखताने भरायचे आणि पाऊस स्थिरावला की कलम लावायचं. आंब्याला दहा-दहा मीटर अंतर, म्हणजे एकरी सुमारे 40 झाडं. कलमाच्या जोडाखाली फुटलेले धुमारे सतत काढावे लागतात, नाहीतर गावठी खुंट वाढतो आणि वरचं कलम मरतं. पहिली तीन वर्षं मोहोरही खुडायचा. दिवाळीनंतर गुरं मोकळी सुटतात, त्यामुळे कुंपण नसेल तर बाकीची मेहनत फुकट. राब (रोपांसाठी पालापाचोळा जाळून केलेली जागा) भाजताना पसरलेली आगही बागा नेते.

सगळ्यात मोठी अडचण पाण्याची. आठवड्यातून दोनदा झाडाला दहा लिटर धरलं तरी 40 झाडांना आठवड्याला 800 लिटर लागतात, म्हणजे पंधरा लिटरचे पन्नासावर हंडे. हे पाणी हवं असतं नेमकं घर बंद असताना, माणसं द्राक्षाला गेलेली असताना. जगलेल्या झाडांच्या टक्क्यावर अनुदानाचा हप्ता बांधला (राज्याच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत दुसऱ्या वर्षी 80, तिसऱ्या वर्षी 90 टक्के) तरी रिकाम्या घरातून हंडा कोण उचलणार? जिथे लागवडीआधी शेततळं किंवा झऱ्यावरून पाइप आला आणि पहिल्या दोन-तीन वर्षांसाठी भाजीपाल्याचं उत्पन्न जोडलं गेलं, तिथे निदान एक माणूस घरी थांबतो. आंबा हाताशी येईपर्यंत चार-पाच वर्षं जातात, तोवर हाच आधार.

वनजमीन कसणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. 2006च्या वनहक्क कायद्याखालचे दावे वर्षानुवर्षं रेंगाळले. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईला पायी निघालेल्या शेतकऱ्यांची ती एक मुख्य मागणी होती. पट्टा, म्हणजे त्या जमिनीच्या हक्काचा कागद, हातात नसेल, तर फळबाग योजनेचा अर्ज पहिल्याच टेबलावर अडतो.